जुन्या मुंबईची डागडुजी : प्रस्तावना

दरवर्षी पाऊस तोंडावर आला की मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ शहर भागातल्या अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. वर्तमानपत्रात ती आतल्या पानावर चौकटीत येते. इमारतीचा क्रमांक, गल्लीचे नाव आणि रहिवाशांनी घरे रिकामी करावीत अशी सूचना, एवढाच तिचा मजकूर. याच शहराची दुसरीही एक यादी आहे आणि तिच्याविषयी आपण अभिमानाने बोलतो. ती वारसा वास्तूंची यादी, १९९५ साली कायद्याने मान्य झालेली. दोन्ही याद्या वेगवेगळ्या कचेऱ्यांत तयार होतात. पण गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, फोर्ट इथल्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्याला कळते की त्या एकाच शहराबद्दल, आणि पुष्कळदा एकाच इमारतीबद्दल बोलत असतात. हे पुस्तक त्या दोन याद्यांच्या मधल्या जागेविषयी आहे.

जुनी इमारत वयामुळे पडते असा आपला समज असतो. मला तो मान्य नाही. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. असा पाऊस सव्वाशे वर्षे झेलूनही ज्या सागवानाला ओल लागली नाही, ते आजही सुताराच्या करवतीला सहज दाद देत नाही. फुटलेले कौल त्याच आठवड्यात बदलायचे, पन्हळीतला पाला काढायचा, भिंतीच्या सांध्यात पिंपळ रुजला तर तो कोवळा असतानाच मुळासकट उपटायचा. एवढे नियमाने होत राहिले तर लाकूड-विटांची साधी चाळही तीन-चार पिढ्यांना पुरते. इमारती पडतात त्या हे थांबल्यामुळे. म्हणून वारशाचा प्रश्न मुळात डागडुजीचा आहे. डागडुजी का थांबली, कोणी थांबवली आणि ती पुन्हा कशी सुरू करता येईल, हे विचारल्याशिवाय वारशाविषयीचे कोणतेही बोलणे अपुरे राहते.

आधी थोडे या शहराच्या बांधणीविषयी. सन १८६२ ते ६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडले गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा शहरात ओसंडत होता. तटाच्या मोकळ्या झालेल्या जागेवर पुढच्या दोन दशकांत सचिवालय, विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय अशी रांग उभी राहिली. तेव्हा या सगळ्या इमारतींसमोर थेट समुद्र होता. राजाबाई टॉवरचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून केला. ते मुंबईत कधी आले नाहीत. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा आणि नाव त्यांच्या आईचे. पण टॉवरच्या वरच्या भागात पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांचे जे पुतळे आहेत, त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय अभियंत्याने घडवले. व्हिक्टोरिया टर्मिनसचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे, श्रेय फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांना दिले जाते आणि ते रास्तच आहे. पण त्यांच्याबरोबर सीताराम खंडेराव वैद्य साहाय्यक अभियंता म्हणून काम करत होते आणि दगडातली पाने, पक्षी, प्राणी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी कोरले. या इमारतींना ‘इंग्रजांच्या इमारती’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी ही नावे लक्षात ठेवावीत. दगड मालाड-कुर्ल्याच्या खाणींतला, कोरीवकामाचा मऊ दगड पोरबंदरचा आणि छिन्नी धरणारे हात इथलेच.

पुढे बॅकबेची भरणी झाली, समुद्र मागे हटला आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला १९३०च्या दशकात नव्या धाटणीची घरे आली. गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, सूर्यकिरणांच्या नक्षीची लोखंडी फाटके, दारावर बारीक अक्षरांत कोरलेले इमारतीचे नाव. ही आर्ट डेको शैली काँक्रीटमुळे शक्य झाली आणि ती बांधून घेणारे बहुतेक हिंदी मालक होते. याच दशकात कुलाब्याला रीगल चित्रपटगृह उभे राहिले. त्याचे वास्तुविशारद चार्ल्स स्टीव्हन्स हे व्हीटी बांधणाऱ्या स्टीव्हन्स यांचे चिरंजीव. मैदानाच्या एका अंगाला दगडी गॉथिक आणि दुसऱ्या अंगाला आर्ट डेको, अशा या समोरासमोरच्या दोन शतकांना युनेस्कोने २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. व्हीटीला तो २००४ मध्येच मिळाला होता.

हे मिळवण्यामागे कायद्याची एक मोठी लढाई आहे. नव्वदच्या दशकापर्यंत एखादी इमारत पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातले स्मारक असली तरच तिला संरक्षण होते. लोक जिथे राहतात, दुकाने चालवतात, खटले लढवतात, अशा वापरातल्या इमारतींना कायद्याचा हात लागत नव्हता. श्याम चैनानी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आणि इन्टॅकसारख्या संस्थांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली आली. देशातली ती पहिली. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर तिच्यात आले आणि त्यांची प्रतवारी ठरली. ग्रेड १ला हात लावायचा तो केवळ तिच्या रक्षणासाठी. ग्रेड २मध्ये आतून जपून बदल करता येतात. ग्रेड ३ म्हणजे ज्या एकेकट्या फार मोठ्या नसल्या तरी रस्त्याचा चेहरा ज्यांनी बनतो अशा इमारती. शिवाय एक शहाणी तरतूद होती. वारशाच्या बंधनामुळे मालकाला जेवढे बांधकाम करता येत नाही, तेवढा विकास हक्क त्याने दुसरीकडे विकावा. म्हणजे जपणुकीची किंमत एकट्या मालकाने मोजू नये, हा विचार कायद्यातच होता.

तरीही माझ्या मते या नियमावलीने प्रश्नाचा अर्धाच भाग पकडला. इमारत पाडायला मनाई करता येते. ती दुरुस्त करायला भाग पाडता येत नाही, निदान पैसा कुठून येणार हे सांगितल्याशिवाय नाही. आणि मुंबईत हा पैसा कुठे अडला, ते समजून घ्यायचे तर भाड्याच्या कायद्याकडे वळावे लागते. वारशावरच्या पुस्तकात भाड्याची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण छतावरचे कौल आणि भाड्याची पावती यांचा संबंध या शहरात जितका थेट आहे, तितका दुसऱ्या कशाचाच नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसे वाढत होती आणि घरे वाढत नव्हती. १९४७च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. हा कायदा त्या वेळी आवश्यक होता. तो नसता तर गिरणगावातला कामगार आणि गिरगावातला कारकून या शहरात टिकलाच नसता, आणि मराठी मुंबई म्हणून आपण जे काही सांगतो, त्यातले फार थोडे घडले असते. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढी घेत पन्नास वर्षे चालला. खोलीचे भाडे तेच राहिले, चुना, लाकूड आणि गवंड्याची मजुरी मात्र शंभर पटींनी वाढली. महिन्याला येणाऱ्या भाड्यात जिन्याची एक पायरी बदलत नाही, असे झाल्यावर मालकाने दुरुस्ती सोडून दिली. भाडेकरू पागडी देऊन आला होता. तो स्वतःला निम्मा मालक समजत होता, पण छप्पर त्याचे नव्हते. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सांगितले. नवा कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला आणि त्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. पण मुळात जे भाडे काही दहा-वीस रुपये होते, त्याच्या ४ टक्क्यांत काय येणार?

मधल्या काळात, १९६९ मध्ये, सरकारने आणखी एक मार्ग काढला होता. रहिवाशांकडून उपकर घ्यायचा, त्यात सरकार आणि पालिकेने भर घालायची आणि मंडळाने इमारती दुरुस्त करायच्या. अशा उपकरप्राप्त इमारती सुरुवातीला १९,६४२ होत्या. ही संख्या वाचकाने वारसा यादीतल्या सहाशेच्या शेजारी ठेवून पाहावी. जुनी मुंबई खरोखर कुठे आहे, ते मग दिसते. मंडळाने हजारो इमारती सावरल्या, हे मान्य करायला हवे. पण दुरुस्तीच्या खर्चाला दर चौरस मीटरमागे कमाल मर्यादा आहे. अंदाज तिच्या वर गेला तर वरची रक्कम रहिवाशांनी भरायची, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते. दुसऱ्या बाजूला पुनर्विकासाचे नियम आहेत. जुन्या रहिवाशांना फुकट घरे द्यायची, त्याच्या मोबदल्यात विकासकाने जादा एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) वापरून वरचे मजले बाजारभावाने विकायचे. १९९९ मध्ये तर ग्रेड ३च्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला वारसा समितीच्या परवानगीची अटही काढून टाकली गेली. आता हिशेब सरळ झाला. दुरुस्ती केली तर मालकाला काही मिळत नाही, भाडेकरूला काही मिळत नाही, उलट दोघांनाही खिशात हात घालावा लागतो. इमारत पाडली तर सगळ्यांना मिळते. अशा व्यवस्थेत इमारत उभी राहिली तर ती कायद्यामुळे नव्हे, कायदा असूनही उभी राहिली असे म्हणावे लागेल.

दुरुस्ती थांबल्यावर इमारतीचे काय होते, हे या विषयातल्या लिखाणात फारसे येत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. पाणी आधी छपरातून शिरते. तुळईचे भिंतीत गेलेले टोक वारा न लागल्यामुळे सर्वांत आधी कुजते. खोलीतून पाहिले तर तुळई ठणठणीत दिसते, आणि टोकाला तिचा भुगा झालेला असतो. मग मोऱ्या. पूर्वी मजल्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक नळ असे. पुढे खोल्याखोल्यांत मोऱ्या झाल्या, मोऱ्यांची न्हाणीघरे झाली आणि प्रत्येक ठिकाणी खालच्या लाकडी फळ्यांत पाणी झिरपू लागले. पोटमाळे चढले, फरशीवर टाइल्स बसल्या, त्या टाइल्सवर आणखी टाइल्स, गच्चीवर पाण्याच्या टाक्या. लाकडी सांगाड्यावर इतके वजन येईल असे बांधणाऱ्याने धरलेलेच नव्हते. यात रहिवाशांचा दोष काढणे मला पटत नाही. १६० चौरस फुटांत सहा-सात माणसांचे बिऱ्हाड मांडणाऱ्याने पोटमाळा काढायचा नाही, तर काय करायचे?

आणि मग दुरुस्तीच चुकीची होते. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुन्यात शिरलेली ओल हवा कोरडी झाली की बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ही वाट बंद होते. ओल आत कोंडते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी जमतात आणि पोरबंदरच्या मऊ दगडाचे तर पापुद्रे सुटू लागतात. भिंतीत घातलेला लोखंडी गर्डर गंजला की फुगतो आणि शेजारचा दगड फोडतो. बाहेरून भिंत गुळगुळीत आणि रंगवलेली, आतून ती रोज थोडी सैल होत असते. चुना भिजवून मुरवणे, त्यात गूळ, मेथी, बेलफळाचे पाणी घालणे, तो घाणीवर मळणे ही कामे जाणणारे गवंडी आज शोधून काढावे लागतात. त्यांना काम मिळत नाही म्हणून ते मुलांना शिकवत नाहीत, आणि मुले शिकत नाहीत म्हणून पुढच्या दुरुस्तीला माणूस मिळत नाही. वास्तुकलेच्या महाविद्यालयांनी नवी इमारत उभी करायला जितके तास दिले, त्याच्या चौथाई तरी जुनी इमारत उभी ठेवायला द्यावेत, असे मला मनापासून वाटते.

काळा घोड्याच्या चौकात एस्प्लनेड मॅन्शन आहे. १८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी खांब आणि तुळया जहाजातून आणून इथे जोडल्या आणि वॉटसन हॉटेल उभे राहिले. अशा लोखंडी सांगाड्याची इतकी जुनी बहुमजली इमारत देशात दुसरी नाही. ७ जुलै १८९६ला ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात पहिल्यांदा दाखवली गेली, ती इथेच. हॉटेल बंद पडल्यावर आत वकिलांच्या कचेऱ्या आल्या, खोल्यांच्या आणखी खोल्या झाल्या, भाडी गोठली. २००५ मध्ये दर्शनी भागाचा काही हिस्सा कोसळला. त्याच सुमारास वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने तिला जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या शंभर वास्तूंत घातले. जगाने नोंद घेतली, वारसा यादीत ती होतीच, उपकरही भरला जात होता. तरी २०१९ मध्ये इमारत रिकामी करावी लागली. यादी आणि डागडुजी यांच्यामधले अंतर किती असू शकते, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

उलट बाजूचीही उदाहरणे आहेत आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटतात. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली उघडले. डॉ. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांनी त्यासाठी शहरातून वर्गणी जमवली होती. शतकभराने त्याची रया गेली. २००३ मध्ये पालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इन्टॅक यांनी त्रिपक्षीय करार केला, संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काम झाले आणि २००८च्या जानेवारीत ते पुन्हा खुले झाले. मधल्या काळातच, २००५ मध्ये, युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च संवर्धन पुरस्कार त्याला मिळाला. यातली खरी शिकवण कराराची आहे. मालकी पालिकेची, पैसा खासगी, ज्ञान तज्ज्ञांचे, आणि प्रत्येकाची जबाबदारी कागदावर. रॉयल ऑपेरा हाउसचे तसे नाही. तिथे मालक कुटुंबानेच पुढाकार घेतला. बालगंधर्वांनी गाजवलेले ते नाट्यगृह १९९३ला बंद पडले होते, ते २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले. दोन्ही ठिकाणी इमारतीला काम मिळाले, म्हणून तिची निगा राखली जाते.

पण संग्रहालय आणि नाट्यगृह यांत कोणी राहत नाही. राहत्या घरांचा प्रश्न अवघड आहे आणि त्याबाबत वारसाप्रेमींनी, त्यांत मीही आलो, फार जपून बोलले पाहिजे. ३१ ऑगस्ट २०१७च्या सकाळी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली. ३३ माणसे गेली. अशा इमारतीखाली झोपणाऱ्याला दर्शनी भागाचे सौंदर्य सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी पाडून तिथल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. १६० फुटांतून तिथे जाणाऱ्या बाईला मी ‘वारसा गेला’ असे म्हणू शकत नाही. एवढेच म्हणेन की त्या चाळींतले एखाद-दुसरे घर जसेच्या तसे, त्यातल्या फडताळांसकट, जपून ठेवावे. गिरणी कामगार कसा राहिला, हे पुढच्यांना पाहता यायला हवे. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांच्या आसपास राहिले. त्या खोलीत वास्तुकला म्हणावी असे काहीही नाही. तिचे मोल तिच्या साधेपणातच आहे, आणि ती खोली गेली तर संगमरवरी स्मारक तिची उणीव भरून काढू शकणार नाही.

पुण्यात भिडे वाड्याच्या बाबतीत हेच घडले. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये जिथे मुलींची शाळा काढली, तो वाडा वर्षानुवर्षे कोर्टकज्ज्यांत अडकला, मोडकळीला आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. तिथे राष्ट्रीय स्मारक होणार आहे. ते व्हावे, जरूर व्हावे. पण वेळेवर डागडुजी झाली असती तर आज तिथल्या उंबऱ्यावरून आत जाता आले असते.

पुढच्या प्रकरणांत इमारतींचा इतिहास आहे, कारागिरांच्या मुलाखती आहेत, कायद्याची चर्चा आहे. त्या सगळ्यांत मला एकच मागणी पुन्हा पुन्हा ऐकू येते. दुरुस्तीला पुनर्विकासाइतकाच मोबदला द्या. इमारत नीट राखणाऱ्या मालक आणि भाडेकरूंना मालमत्ता करात सवलत द्या, वारसा इमारतींचा विकास हक्क त्यांना वेळेवर आणि खटपटीविना मिळू द्या, आणि त्या पैशाचा ठरावीक हिस्सा त्याच इमारतीच्या दुरुस्तीसाठी बांधून ठेवा. मंडळाच्या खर्चमर्यादेत चुना आणि सागवान बसेल इतकी जागा करा. यांतले काहीही अशक्य नाही. आजवर ते झाले नाही, कारण शासनदरबारी ते मागणारे फार थोडे होते.

ज्या वाचकाचे घर अशा इमारतीत आहे, त्याला माझी एक विनंती आहे. पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी दुरुस्तीचा अंदाज मागा. तो जुन्या बांधकामाचे काम केलेल्या अभियंत्याकडून, तुळयांची टोके उघडून पाहून केलेला असू द्या. दोन्ही आकडे रहिवाशांच्या सभेत समोरासमोर मांडा आणि मग ठरवा.